दिलेल्या लेकींचा नकाशा

९ नोव्हेंबर, पुसद

समीक्षानं आज स्टाफरूममध्ये स्वतःचा मोबाईल माझ्या डब्याशेजारी ठेवला आणि म्हणाली, "नाही म्हणायच्या आधी पूर्ण वाचजो." समीक्षा समाजशास्त्राची, मी राज्यशास्त्राची. दोघी तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवलं तर प्राध्यापक, सुट्टी लागली की बेकार. नऊ वर्षं एकच टेबल वाटून घेतोय, त्यामुळे ती माझ्या आयुष्यात नाक खुपसते याचं मला काही वाटत नाही.

युरोपातल्या एका विद्यापीठाची जाहिरात होती. पीएचडीच्या दोन जागा, विषय पर्यावरण आणि सांस्कृतिक राजकारण. चार वर्षं पूर्ण खर्च त्यांचा, राहणं-खाणं आणि विमानाचं तिकीट धरून. वयाची अट नाही. ही ओळ मी तीनदा वाचली. तेहतीस पूर्ण झाली, आणि इथली प्रत्येक जाहिरात वयापाशी मला उंबरठ्यावरून परत पाठवते. १५ जानेवारीपर्यंत संशोधनाचा आराखडा पाठवायचा.

विषय सुचत नाही. पण खरं सांगायचं तर जेवताना मी मनातल्या मनात बॅग भरायला लागले होते. बाजारात तुरी म्हणतात त्या याच.

१७ नोव्हेंबर, तांडा

सुट्टी म्हणून घरी आले. सुनील आणि वहिनी कापूस वेचायला गेले होते, याडी दारात गवार निवडत बसली होती. याडी, म्हणजे माझी आई, माझ्याशी आमच्या गोरबोलीतच, बंजाऱ्यांच्या भाषेतच बोलते. इथे उतरवताना मी तिला बाजारातली वऱ्हाडी देते, कारण पुस्तकी मराठीत घातली की ती याडी वाटत नाही, आकाशवाणीवरची बाई वाटते.

मी जाहिरातीबद्दल सहज बोलले. ती म्हणाली, "किती वर्सं?"

"चार. पण अजून अर्जच केला नाही."

"संगं कोन?"

"कोणी नाही. एकटीच."

तिनं शेंगा निवडणं थांबवलं नाही. म्हणाली, "मंग जाशीनच तू. साहा वर्साची होती तवा बी एकटीच गेलती." आश्रमशाळेबद्दल बोलत होती. मी सहाव्या वर्षी वसतिगृहात गेले, त्यानंतर या घरात पाहुणीच. मोठा भाऊ म्हणून सुनील शेतीवर राहिला, मी शिकले. मी तिच्या पुढ्यातल्या मूठभर शेंगा ओढून निवडायला घेतल्या.

२८ नोव्हेंबर

विषय सापडला. आजच लिहायला हवं.

शेजारच्या रामीबाईच्या नातीचं लग्न होतं. आमच्यात नवरी सासरी निघताना ढावलो म्हणते. रडत, एकेकाच्या गळ्यात पडून ती माहेरच्या प्रत्येक गोष्टीचा निरोप घेते. माणसं तर सोडाच, विहीर, झाड, गाईंची वाट, टेकडी, सगळ्यांना नाव घेऊन हाक मारते. आजच्या नवरीनं काही म्हटलं नाही. डीजे चालू होता आणि तिला फोटोत काजळ पसरलेलं नको होतं. रामीबाई जाम चिडली. "महिनाभर जवळ बसवून एकेक ओळ म्हनवून घेतली," म्हणाली, "पोट्टीनं तोंडच नाई उघडलं." मग नात गाडीत बसल्यावर म्हातारीनं स्वतःच चार ओळी पुटपुटल्या. मी शेजारीच उभी होते.

तिच्या त्या चार ओळींत तीन जागांची नावं होती आणि त्यातली एकही मला माहीत नव्हती. मी या तांड्याची, आणि मला माहीत नाही. मागच्या टेकडीवर वनखात्यानं साग लावून कुंपण घातलं, नाला धरणात गेला, तेव्हा त्या जागाही गेल्या असणार. कागदावर त्यांची नोंद कधी नव्हतीच. नोंद आहे ती फक्त बायकांच्या रडण्यात. ढावलो हा हरवलेल्या जंगलाचा सातबारा आहे. हे वाक्य मला बसमध्ये सुचलं आणि मी इतकी खूश झाले की पुसद येऊन गेलं तरी उतरायचं राहिलं.

१४ डिसेंबर, तांडा

रामीबाईकडे रेकॉर्डिंगला गेले. समजावून सांगितलं, संमतिपत्र वाचून दाखवलं, चहाही प्यायले. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "नवरी कोन हाय?"

मी म्हटलं, नवरी नाही, अभ्यासासाठी हवंय.

"मंग कायले म्हनू? कोनी जाऊन नाई राह्यलं आन मी रडू? बिननवरीचा ढावलो म्हनाव नाई, बाई. घरातलं मानूस जाते." आणि तिनं संमतिपत्राची घडी घालून माझ्या पर्समध्ये परत ठेवली.

अंधश्रद्धा आणि ज्ञानाचं संरक्षण यांच्यातला संबंध, असा एक परिच्छेद आराखड्यात टाकता येईल. पण रेकॉर्डिंगच नसेल तर परिच्छेद कशावर टाकणार? संध्याकाळी याडीला विचारलं. वाटलं होतं तीही हेच म्हणेल. तिनं बराच वेळ चुलीत लाकूड सारलं, मग म्हणाली, "तुले पायजे न? म्हनतो मी. पुढच्या सुट्टीले ये. मले याद करा लागन."

२१ डिसेंबर, तांडा

वाईट दिवस. रेकॉर्डिंग झालं, पण उपयोगाचं नाही.

पोहोचले तर याडी न्हाऊन, पेटीतली आरशांची फेटिया-कांचळी घालून बसलेली. हा घागरा तिनं माझ्या आठवणीत दोनदाच घातला असेल. मी म्हटलं, अगं मी फक्त आवाज घेणार आहे. तिनं ऐकलं नाही. चार शेजारणीही बोलावल्या होत्या, त्यात रामीबाई. ती परवा नाही म्हणाली आणि आज सर्वांत पुढे.

मी मोबाईल मधोमध ठेवला. याडी माझ्या जवळ सरकली, माझ्या मानेवर हात टाकला आणि सुरू केलं. आवाज माईकच्या फार जवळ आला म्हणून मी जरा मागे झाले. ती पुन्हा सरकली. प्रत्येक ओळीनंतर थांबून "म्हन" म्हणायची. मी खुणेनं सांगितलं, मी म्हणणार नाही, तू सलग गा. संशोधकानं मध्ये पडू नये एवढं तरी मला कळतं. दोन ओळी झाल्या की पुन्हा "म्हन." असं वीस मिनिटं. शेवटी ती एकटीच म्हणत राहिली, आणि बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघत होत्या. ध्वनिमुद्रणात त्यांचे हुंदके आलेत, ते काढता येणार नाहीत.

खरी पंचाईत मजकुराची. त्यात आश्रमशाळेचं फाटक आहे. फाट्यावरचा एसटीचा थांबा आहे. ग्रामपंचायतीची हापशी, सुनीलचं बोअर, टेकडीवरचं सागाचं कुंपण, आणि कळस म्हणजे मोबाईलचा टॉवर. "टॉवरा, मी गेल्यावर याडीची हाक माझ्यापर्यंत पोचव," अशा अर्थाचं काहीतरी. टॉवरला हाक मारणारा ढावलो मी कोणत्या तोंडानं सादर करू? जुनी जागा एकही नाही. वहीत नोंद केली आहे: पहिलं ध्वनिमुद्रण, संशोधकासाठी केलेलं सादरीकरण, नवरी उपस्थित नाही, परंपरेत आधुनिक भर मोठ्या प्रमाणात.

बायका गेल्यावर मी याडीला म्हटलं, "हे नाही गं. जुनं पाहिजे. तुझ्या लग्नात म्हटलेलं."

तिनं माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं. "ते तं माहं हाय. ते घेऊन काय करशीन तू?"

"तेच पाहिजे. ते अस्सल."

"उद्या म्हनतो," म्हणाली आणि घागरा बदलायला आत गेली.

२२ डिसेंबर, तांडा

झालं. सकाळी भांडी घासता घासता याडीनं तिच्या लग्नातला, चाळीस वर्षांपूर्वीचा ढावलो सलग म्हणून टाकला. पाठ माझ्याकडे, ना रडणं, ना थांबणं. सात मिनिटं. भांड्यांचा आवाज आहे, पण शब्द स्वच्छ. त्यात अकरा जागा निघाल्या. बारा चिंचा, गाईपाण्याचा डोह, दोन बहिणींची टेकडी, वाघबसणी, जोडपिंपळ, अशा एकाहून एक. यातली एकही आज तांड्याच्या आसपास नाही. चाळीस वर्षांत अकरा जागा पुसल्या गेल्या.

मला रडू यायला हवं होतं, पण आनंदच झाला. आराखडा उभा राहिला.

५ जानेवारी, पुसद

समीक्षानं मसुदा वाचला. इंग्रजी ती सुधारते, कल्पना माझ्या, असा आमचा करार. दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली. पहिलं ऐकताना ती कानातली तार एकदा काढून म्हणाली, "तुही याडी सारखं सारखं 'म्हन' काहून म्हनते वो?"

"सवय. बायका मागून म्हणतात ना, कोरससारखं."

"पन मांग कोनीच नाई म्हनून राह्यलं."

"म्हणूनच ते रेकॉर्डिंग बाद केलंय." तिनं तार परत कानात घातली. पुन्हा पहिल्यापासून ऐकलं आणि नाक पुसलं. समीक्षाला मालिका बघतानाही रडू येतं.

१५ जानेवारी

पाठवलं. शीर्षक: रडण्यातला भूगोल, यवतमाळच्या एका तांड्याच्या अकरा हरवलेल्या जागा. नियमाप्रमाणे दोन्ही ध्वनिमुद्रणं जोडली, पहिल्यावर 'बाद' असा शेरा. संगणकावर 'मिळाले' असं उमटलं आणि मी कॉलेजसमोर दोन प्लेट पोहे खाल्ले.

२० फेब्रुवारी

मुलाखतीला निवडलं. सहाजणांत मी. सातव्यांदा ईमेल वाचतेय. मुलाखत ६ मार्चला, संगणकावरच. त्यांची एक विनंती आहे: अकरा जागांचा कच्चा नकाशा, जिथे त्या होत्या त्या ठिकाणांच्या खुणांसह. "आम्हाला तुमचा हा युक्तिवाद फार आवडला," असंही लिहिलंय. समीक्षानं स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मी म्हटलं, थांब, अजून पाचजण आहेत. ती म्हणाली, पाचजणांना इकडं कोण ओळखतं.

नकाशा परवापर्यंत मागितलाय, तो अंदाजानं पाठवते; मग फोटोंसाठी सुनीलला घेऊन टेकडी चढायची.

२३ फेब्रुवारी, तांडा

दुपारी कुंपणाच्या कडेकडेनं फिरलो. पळस फुललाय. सुनील पुढे, मी यादी घेऊन मागे. जिथे चिंचा असाव्यात तिथे साग. जिथे डोह असावा तिथे धरणाचा गाळ. मी प्रत्येक ठिकाणी फोटो काढून "बारा चिंचा, संभाव्य" असं लिहीत होते. चौथ्या ठिकाणी सुनील थांबला आणि म्हणाला, "बारा चिंचा कायले शोधून राह्यली तू अथी?"

"ढावल्यात आहेत."

"हायेतच न. पन त्या मामाच्या तांड्यात हायेत, नेरकडं. उन्हाळ्यात जात होतो आमी. गाईपान्यात पोहायले मीच शिकलो." मग जरा थांबून, "तू नव्हती. तुह्या शाळेचे वर्ग राहत होते उन्हाळ्यात."

मी तिथेच दगडावर बसले. ढावलो नवरीचा असतो, आणि नवरी माहेराचा निरोप घेते. हे मी स्वतः आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहिलंय. याडीचं माहेर हे नाही. रामीबाईचंही नाही. या तांड्यातली एकही सासुरवाशीण इथल्या झाडाला हाक मारून रडलेली नाही, कारण त्या इथून निघाल्याच नाहीत, इथे आल्या. तांड्यातलं शेंबडं पोर हे सांगू शकलं असतं. मी नऊ वर्षं प्राध्यापकी करून ते स्वतःला कळू दिलं नाही.

सुनील शेजारी येऊन बसला. त्यानं पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "चुकलं का काही?"

"सगळंच," मी म्हटलं.

१ मार्च, नेर

याडीला घेऊन मामाच्या तांड्यात आले. निदान डोळ्यांनी पाहावं म्हणून. ती सात वर्षांनी येतेय.

अकराच्या अकरा जागा जिथल्या तिथे आहेत. बारापैकी दहा चिंचा उभ्या आहेत. डोहात पाणी आहे, कमी, पण आहे. याडी एकेका ठिकाणी मला घेऊन गेली. जोडपिंपळाच्या खोडावर तिनं हात ठेवला आणि हात तसाच ठेवून जवळच्या बाईशी सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत राहिली. मी फोटो काढला नाही. काय हरवलं म्हणून दाखवणार?

रात्रीच्या स्वयंपाकाला मामी, मानीबाई, माझ्याजवळ येऊन बसली. भाकरी थापता थापता विचारते, "तुमच्या तांड्यामांगचा मोरझिरा वाहते का वो अजून?"

मी म्हटलं, कुठला मोरझिरा?

"सागाच्या आतमंधी. अन बाजूले धनगराचा दगड. आमी पोट्ट्या तथीच जात होतो पान्याले." मग ती हसली. "तुह्या याडीच्या बदल्यात देल्ली न मले. तुही याडी तिकडं, मी इकडं." मामी आमच्या तांड्याची लेक. साटंलोटं झालेलं, हे मला माहीत होतं. पण ती कुठून आली याचा मी कधी विचारच केला नव्हता. तिनं भाकरीवर पाणी फिरवता फिरवता अजून सहा नावं घेतली. टेकडी आमची, झरे आमचे, आणि मी यातलं एक नाव जन्मात ऐकलेलं नाही.

५ मार्च, पुसद

समीक्षाला सगळं सांगितलं. ती आधी खूप हसली, मग गंभीर झाली. "नकाशा पाठवला का?"

"पाठवला होता, बावीस तारखेलाच. अंदाजानं."

"मंग गप राहा. नेरले कोन पाहायले येते? जागा मिळू दे, तिथं गेल्यावर सुधरवजो. सगळेच आराखडे बदलतात." ती वाईट सल्ला देत नव्हती. खरंच बदलतात. तिनं स्वतः दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा पहिल्या फेरीत गेली, त्यामुळे माझ्या या जागेत तिचाही जीव आहे.

उद्या सकाळपर्यंत ठरवायचं आहे. खोटं बोलायला मला जड जात नाही. कॉलेजच्या हजेरीपटावर रोज बोलते. पण मामीच्या तोंडचं ते "वाहते का वो अजून" डोक्यातून जात नाही. गप्प राहून जुनाच आराखडा रेटला तर मामी कुठेच नाही, आणि सांगितलं तर मी कुठेच नाही.

६ मार्च

झाली मुलाखत. पंचेचाळीस मिनिटं. चौघं होते. मुख्य बाईंचे केस पांढरे, आवाज मऊ, त्यांनीच पहिला प्रश्न विचारला, नकाशाचा. मी म्हटलं, नकाशा चुकीचा आहे. सगळा.

मग सांगितलं. एकदा सुरुवात केल्यावर थांबता येईना. अकरा जागा हरवलेल्या नाहीत, त्या माझ्या आईच्या माहेरात आहेत आणि परवाच मी तिथे चहा प्यायले. आमच्या तांड्याच्या जागांची नावं तांड्यात कोणाकडेच नाहीत, ती इथून दुसरीकडे दिलेल्या लेकींकडे आहेत. दिग्रस, आर्णी, दारव्हा, जिथे जिथे लेकी दिल्या तिथे तिथे आमच्या टेकडीचा एकेक तुकडा आहे. पुरुष कधी हललेच नाहीत, म्हणून त्यांना नावं पाठ ठेवावी लागली नाहीत. जंगलाच्या हक्काचा दावा करायला आमचे लोक पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा शोधत कचेऱ्यांत फिरतात, आणि पुरावा दुसऱ्या तांड्यात भाकरी थापतोय. हे मला आठ दिवसांपूर्वी माहीत नव्हतं, असंही सांगितलं.

एक गृहस्थ म्हणाले, म्हणजे आम्ही ज्या आराखड्याला गुण दिले तो आता उरलेला नाही. मी म्हटलं, नाही.

शेवटी पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, "पहिलं ध्वनिमुद्रण तुम्ही बाद केलंत. मला भाषा येत नाही, पण मी ते बरेचदा ऐकलं. त्यात निघून जाणारी कोण आहे?"

मी वहीतलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, नवरी उपस्थित नाही. आश्रमशाळेचं फाटक. फाट्यावरचा थांबा. हापशी. टॉवर. इथून निघालेली आणि हे सगळं पाहिलेली एकच लेक आहे. याडी माझ्या मानेवर हात टाकून मला शिकवत होती, ओळीमागून ओळ, नवरीला शिकवतात तसं, आणि मी माईकसाठी मागे सरकले.

"मी," मी म्हटलं. त्या बाईंनी पाणी प्या म्हटलं, मी प्यायले, आणि वेळ संपली.

२ एप्रिल

नाही मिळालं. दोन जागा दुसऱ्या दोघांना. मला प्रवेश देऊ शकतात, पण निधीशिवाय, म्हणजे न दिल्यासारखाच. खाली त्या बाईंची स्वतंत्र चार ओळींची चिठ्ठी: तुमचा नवा प्रश्न जुन्यापेक्षा फार चांगला आहे, पण समितीला कागदावर नसलेल्या गोष्टीला निधी देता येत नाही, नोव्हेंबरात पुन्हा जाहिरात निघेल.

गप्प राहिले असते तर मिळालं असतं का, हा विचार सकाळपासून चाळीस वेळा आला. बहुतेक मिळालं असतं. समीक्षा माझ्याशी दुपारपर्यंत बोलली नाही, मग तिच्या डब्यातली अर्धी भाजी माझ्या पोळीवर वाढली.

६ एप्रिल, तांडा

याडीला सांगितलं. मला वाटलं होतं ती सुटकेचा श्वास सोडेल. मुलगी राहिली, म्हणेल. तिचा चेहरा पडला.

"म्हंजे तू नाई जात?"

"नाही."

"पन ढावलो झाला न तुहा." ती खरोखर घाबरली होती. "साऱ्या बायांसमोर झाला. मी तुले देऊन टाकलं. ढावलो झालेली पोरगी घरी बसून राहत नाई, बाई. रामीबाई काय म्हनन?"

मी हसायला गेले आणि हसू आलं नाही. तीन महिने मी समजत होते की याडी मला धरून ठेवतेय. तिनं डिसेंबरातच मला सोडलं होतं, लग्नाशिवाय, नवऱ्याशिवाय, आयुष्यात कधी न पाहिलेल्या देशात, आणि त्यासाठी टॉवरपर्यंत सगळ्यांना हाक मारून झाली होती. मी ते "सादरीकरण" म्हणून लिहून ठेवलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि माफी मागितली. कशाची ते तिनं विचारलं नाही. केसांतून हात फिरवत राहिली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मंग आता जाशीन तरी कुठं?"

मी म्हटलं, "दिग्रसला. रामीबाईची लेक भागीरथा तिकडे दिली आहे ना?"

१३ एप्रिल, दिग्रसच्या बसमध्ये

अक्षर हलतंय, रस्ता तसाच आहे.

रामीबाईनं लेकीसाठी लोणचं दिलं आणि मामीनं सांगितलेल्या जागांची नावं, भागीरथाला विचारायची म्हणून, माझ्याकडून घोकून घेतली. भागीरथाला काय विचारायचं ते ठरवलंय: काहीच नाही. मोबाईल बॅगेत राहील. ती सांगेल ते ऐकायचं, तेही सांगावंसं वाटलं तर. निधी नाही, रजा नाही, कॉलेजला आज सुट्टी आहे म्हणून निघाले.

याडी फाट्यापर्यंत आली. आरशांचा घागरा घालून. थांब्यावर बाजाराला निघालेली आठ-दहा माणसं होती. मी म्हटलं, "याडी, संध्याकाळी परत येते गं." तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बस दिसली तशी तिनं माझ्या मानेवर हात टाकला आणि म्हणाली, "म्हन."

तिचं ते ध्वनिमुद्रण मी शंभरदा ऐकलंय, प्रत्येक ओळ लिहून काढलीय, भाषांतर केलंय. बेसूर, सगळ्यांसमोर, मी उंबरठ्याला हाक मारली, मग हापशीला. या वेळी मी मागे सरकले नाही. एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला. बस येऊन थांबली, कंडक्टरनं घंटीची दोरी धरली पण ओढली नाही. फाटकाच्या ओळीपाशी माझा आवाज गेला आणि मी चढले.

तिकीट काढायला आला तेव्हा कंडक्टरनं हळूच विचारलं, "लय दूर चालल्या का ताई?"

"दिग्रस. एक."

त्यानं मशीनवर बोट तसंच ठेवलं. "आन वापस?"

"आजच. पाचच्या गाडीनं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या काचेतून बाहेर. मीही वळून पाहिलं. याडी थांब्यावर उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. मी अर्ध्यात सोडलेल्या माझ्या ओळी ती पूर्ण करत होती.